वाटीतलं अंडं, भोकाचा पाव

रविवारी सकाळी आमच्या घरात टोस्टर ओव्हन आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू करायला बंदी आहे. इमारत जुनी, अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरपासून चालत आठ मिनिटांवर. ओट्यावरचे दोन्ही प्लग एकाच सर्किटवर. इथे वीज १२० व्होल्टची आणि ओव्हन १८०० वॉटचा. भागाकार केला की १५ अँपिअर येतात, म्हणजे त्या ब्रेकरची सगळी ताकद ओव्हन एकटाच खातो. तेवढ्यात बायकोने चहा गरम करायला मायक्रोवेव्हचं बटण दाबलं की खट्. ओव्हनच्या आतल्या नारिंगी नळ्या हळूहळू लाल, मग तपकिरी, मग काळ्या होतात. मी तळघराच्या जिन्याकडे धावतो. वाटीतलं अंडं अर्धं पांढरं, अर्धं पारदर्शक अशा अवस्थेत माझी वाट बघत बसतं.

पदार्थ अगदी साधा. बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, मधून कापायचा, आत अंडं, आत चीज. 'एग अँड चीज ऑन अ बेगल.' न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सकाळी कुठल्याही कोपऱ्यावरच्या डेलीत, म्हणजे सँडविचच्या छोट्या दुकानात, ह्याच्यासाठी रांग असते. बहुतेकांच्या सँडविचमध्ये बेकनही असतं. इथे न्यू जर्सीत तर डुकराच्या मांसाचा एक खास प्रकार घालतात. उत्तरेकडचे लोक त्याला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेकडचे पोर्क रोल, आणि ह्या नावावरून ते खरोखर भांडतात. २०१६ मध्ये ओबामा रटगर्स विद्यापीठाच्या पदवीदानाला आले, तेव्हा त्यांनीही भाषणाच्या सुरुवातीला ह्याच वादावर विनोद केला. मी अंड्यापर्यंतच पोचलेला माणूस, त्यामुळे ह्या भांडणात मी कट्ट्यावर बसून ऐकणाऱ्यांपैकी.

मी इथे आलो २००९ मध्ये. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या वाटेवर एका डेलीत शिरलो. काउंटरमागे दरवाजाच्या फळीएवढा सपाट लोखंडी तवा. तव्यामागच्या माणसाने माझ्याकडे न बघताच काहीतरी विचारलं. मला तो एकच लांबलचक शब्द वाटला. मी हो म्हणालो. नंतर कळलं की तो 'सॉल्ट, पेपर, केचप' असे तीन प्रश्न एका दमात विचारत होता आणि मी तिन्हींना होकार दिला होता. त्याने दोन अंडी फोडली, कालथ्याच्या कोपऱ्याने पिवळं मोडलं, वर चीज टाकलं, अंड्याची चौकोनी घडी घातली, बेगलमध्ये सरकवली, फॉइलमध्ये गुंडाळली, वरून कागद. दीड मिनिट लागलं असेल. पिशवीत मूठभर कागदी रुमाल. ऑफिसात पोचून उघडलं तेव्हा आतून जी वाफ आली, ती मी पुढे कितीतरी वर्षं घरी काढायचा प्रयत्न करत होतो.

बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे भोकाचा पाव?" मग थोडं थांबून, "त्या भोकातून सगळं गळत नाही का?" तेव्हा मी हसलो होतो.

बेगल हा पाव खरा, पण भाजण्याआधी तो पाण्यात उकळतात, आणि सगळी गंमत त्यातच आहे. घट्ट मळलेल्या, चिवट पिठाची कडी वळायची, रात्रभर थंडीत हळूहळू फुगू द्यायची. सकाळी उकळत्या पाण्यात ती मिनिटभर सोडायची. पाण्यात जवाचं माल्ट घातलेलं असतं. माँट्रियलवाले त्याऐवजी मध घालतात. उकळल्यावर वरचं पीठ खळीसारखं होऊन बसतं, म्हणून भट्टीत गेल्यावर बेगल फारसा फुगत नाही आणि त्याच्यावर ती चकचकीत, चिवट साल येते. मुंबईच्या इराण्याकडचा ब्रुन कडक असतो, पण तो चहात बुडवला की लगेच शरण येतो. बेगल शरण येत नाही. तो दातांना कामाला लावतो.

हा मूळ पोलंडमधल्या ज्यू लोकांचा. क्राकोवच्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. तिथून आलेल्या माणसांबरोबर तो न्यूयॉर्कला आला आणि तळघरांतल्या भट्ट्यांत स्थिरावला. ह्या बेगलवाल्यांची एक युनियन होती, लोकल ३३८. सभासद तीनशेच्या आसपास, सभांची भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, आणि आत शिरायचं तर सभासदाचा मुलगा किंवा जवळचा नातलग असावं लागे. कामं वाटलेली. टेबलावर कडी वळणारे वेगळे, उकळत्या कढईवरचा वेगळा, भट्टीवरचा वेगळा. डिसेंबर १९५१ मध्ये काम बंद पडलं, तेव्हा शहरातल्या ३४ बेगल बेकऱ्यांपैकी ३२ बंद होत्या आणि वर्तमानपत्रांनी 'बेगलचा दुष्काळ' म्हणून बातम्या छापल्या.

हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. बाबांचे वडील. परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. त्यांना त्यांच्या मामाने आधी बदली म्हणून चिकटवलं आणि मग ते कायम झाले. तिथेही शिरायला नातलगच लागे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि आजोबा पुन्हा कधी आत गेले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "संप चालू आहे. मागे कुठे घेतलाय कुणी?" ते अगदी खरं होतं. रीतसर तो कधीच मागे घेतला गेला नाही. आम्ही पोरं हसायचो. ते हसायचे नाहीत.

बेगलवाल्यांच्या युनियनला मात्र संपाने नाही मारलं, यंत्राने मारलं. डॅनियल थॉम्पसन नावाच्या माणसाने बेगल वळणारं यंत्र बनवलं, ते १९६३ मध्ये न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबाने भाड्याने घेतलं, आणि गोठवलेले बेगल देशभरच्या दुकानांत पोचले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोकल ३३८ संपल्यात जमा होती. आज सुपरमार्केटात मिळणारा बेगल पुष्कळदा उकळलेला नसतोच, ओव्हनमध्ये वाफ सोडून भागवतात. तो मऊ लागतो. खरं सांगायचं तर सँडविचला तोच सोयीचा पडतो. पण तसं सोयीचंच खायचं असेल तर स्लाइस ब्रेडने काय घोडं मारलंय?

मी शनिवारी दुकानातून डझनभर आणतो. डझन म्हणजे तेरा, ही बेगलच्या दुकानांतली जुनी रीत. न्यूयॉर्कमधून आणले तर न कापलेलेच घ्यायचे, कारण त्या राज्यात अख्खा बेगल हा किराणा धरतात आणि त्याच्यावर विक्रीकर नाही. पण दुकानदाराने सुरी फिरवली की तो 'तयार अन्न' होतो आणि न्यूयॉर्क शहरात त्याच्यावर ८.८७५ टक्के कर लागतो. सुरीच्या एका फटकाऱ्यावर कर बसवणारं सरकार आपल्याला नवीन नाही, त्यामुळे मला ते ओळखीचंच वाटलं. घरी कापताना मात्र जपायला हवं. बेगल उभा हातात धरून कापणाऱ्यांनी इथल्या दवाखान्यांना बरीच गिऱ्हाइकं दिली आहेत. आडवा ठेवावा, वर तळहात सपाट, बोटं वर उचललेली, आणि दातेरी सुरी ओट्याला समांतर. कापून लगेच फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये कधीच नाही. फ्रिजच्या थंडीत पाव सगळ्यात लवकर शिळा होतो, बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर. हे मला दोन डझन वाया घालवल्यावर कळलं.

आता ओव्हन. डोंबिवलीला आईचा अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात दिवाळीला नानकटाई आणि वाढदिवसाला केक, एवढंच. एरवी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. त्यामुळे ओव्हन रोजच्या नाश्त्याला चालू करायचा हे मला सुरुवातीला उधळपट्टीच वाटायचं. पण हा टोस्टर ओव्हन म्हणजे आतून बुटांच्या दोन खोक्यांएवढी जागा. चार-पाच मिनिटांत तापतो. वर दोन नळ्या, खाली दोन नळ्या, मधे जाळी. जाळी वरच्या खाचेत ठेवली की वरचा जाळ लागतो, खालच्या खाचेत ठेवली की खालचा. मागच्या डाव्या कोपऱ्यात आमच्याकडे जरा जास्तच भाजतं. प्रत्येक ओव्हनला असा एक तापट कोपरा असतो, तो आपला आपण शोधायचा.

पहिल्या प्रयत्नांत मी सगळं एकदम आत ठेवलं. बेगल, वर कच्चं अंडं, वर चीज. निकाल सांगायची गरज नाही. मग अंडं गॅसवर तळून बेगल ओव्हनमध्ये भाजायला लागलो. हे बरं, पण तळलेलं अंडं लांबट व्हायचं आणि बेगल गोल, म्हणजे दोन बाजूंनी अंडं बाहेर लोंबायचं आणि मधल्या भोकावर काहीच नाही. चीज वितळून त्या भोकातून थेट खालच्या नळीवर. निळसर धूर, आणि रविवारी सकाळी पावणेसातला छतावरचा धुराचा भोंगा. आम्ही दोघं टॉवेल फडकवतोय, वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतोय. बाबांचा प्रश्न मला तेव्हा कळला. गळतं, बाबा. सगळं गळतं.

अंडं बेगलएवढंच गोल हवं, म्हणजे तेच भोकाला बूच होईल. चिनीमातीच्या छोट्या भांड्यात करून बघितलं. पण भांडं तापायलाच एवढा वेळ घेतं की तोवर कडेचं अंडं रबर आणि मधलं पाणी. शेवटी मांडणीवरून स्टीलची वाटी काढली. आमटीची, साधी. पातळ पत्रा, चटकन तापते, आणि तोंड बेगलपेक्षा किंचित लहान. हिशेब करून घेतली असती तरी एवढी बरोबर सापडली नसती.

तेव्हापासूनचा क्रम असा. ओव्हन ३७५ फॅरनहाइटवर. वाटीला आतून लोणी, तळाला जरा जास्तच. एक अंडं, चमचाभर दूध, मीठ, मिरपूड, काट्याने फेटून वाटीत. दोन अंडी घालायचा मोह होतो, पण दोन अंड्यांची वडी होते. इथली अंडी फ्रिजमधलीच असतात, त्यामुळे आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवलेली बरी. वाटी जाळीच्या मधोमध, नऊ-दहा मिनिटं. वाटी हलवली की कडा स्थिर आणि मधला भाग जरासा डुलायला हवा. तेव्हाच काढायची, राहिलेलं काम वाटीची धग करते. मग जाळी वर, आणि गोठलेला बेगल कापलेली बाजू वर करून आत, तीन-चार मिनिटं. इथल्या यंत्रांवर 'बेगल' असं वेगळं बटणच असतं, त्याचा अर्थ एवढाच की कापलेल्या बाजूला जाळ जास्त द्या आणि पाठीला नुसती ऊब. पाठ भाजली की ती कडक होते.

खालच्या अर्ध्यावर अंडं, त्याच्यावर चीज, पुन्हा आत जेमतेम मिनिट. चीज ते पिवळं, पातळ, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ह्याबद्दल इथले खवय्ये नाकं मुरडतात. मुरडू देत. त्यात क्षार घातलेले असतात, म्हणून ते वितळतं तेव्हा सायीसारखं एकजीव राहतं. चांगलं जुनं चेडर तेल सोडतं आणि वर घट्ट गोळी करतं. अमूलची क्यूब किसून तव्यावरच्या सँडविचमध्ये घातलेली माणसं आपण. प्रोसेस्ड चीजची लाज आपल्याला शिकवू नये.

एवढं सगळं जमूनही काहीतरी राहत होतं. चावायला गेलं की वरचा बेगल दातांखाली दबायचा नाही आणि अंडं मागच्या बाजूने सुळकन बाहेर. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती हातात सँडविच, मांडीवर अंडं अशा अवस्थेत म्हणाली, "बाबा, डेलीतला असं करत नाही." मी म्हटलं, त्याच्याकडे मोठा तवा आहे. तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

मग एका सकाळी पोहे करत होतो. पोहे परतून झाले, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि एक वाफ येऊ देत थांबलो. झाकणाच्या आत थेंब जमलेले बघत होतो, आणि एकदम तो डेलीतला माणूस डोळ्यांपुढे आला. गुपित तव्यात नव्हतं, फॉइलमध्ये होतं. मी इतकी वर्षं त्या फॉइलला बांधून देण्याची सोय समजत होतो. पण स्टेशनपर्यंत चालत जाईपर्यंतच्या पाच मिनिटांत आत जे चाललेलं असतं, ते शिजणंच. अंड्याची वाफ वर जाते, सालीला लागते, साल नरम पडते, चीज दोन्ही बाजू धरून ठेवतं. मी ओव्हनमधून काढून थेट ताटलीत देत होतो. म्हणजे पोह्यांना वाफ न काढता वाढण्यासारखं.

आता काढल्या काढल्या वरचा अर्धा ठेवून हाताने हलकेच दाबतो, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतो आणि ओव्हनच्या डोक्यावर ठेवतो. तिथे ऊब असतेच. दोन मिनिटं. ही दोन मिनिटं फार कठीण जातात. मुलगी आता पंधराची, ती फॉइलवर बोट ठेवून बघते आणि म्हणते, "नॉट येट." मग मधून कापायचं. अंडं जागचं हलत नाही.

मंडळाच्या पिकनिकला हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यात जरा ठेचा घालून बघ." किंवा हिरवी चटणी, किंवा अंड्यातच कांदा-कोथिंबीर. घातलंय. वाईट लागत नाही. ठेचा कशातही घातला तरी वाईट लागत नाही, पण मग ते ठेच्याचं सँडविच होतं. आम्ही पास्त्याला मोहरीची फोडणी देतो, टाकोत उसळ भरतो, पिझ्झ्यावर तर काय काय केलंय ते लिहायलाही नको. ह्या एका पदार्थाला मी हात लावलेला नाही. मीठ, मिरपूड, लोणी, चीज. केचपसुद्धा पहिल्या दिवसानंतर नाही. बायको ह्याला माझं सोवळं म्हणते. असेल. त्या तळघरातल्या कढईवाल्याने त्याचं काम चोख केलेलं आहे, भट्टीवाल्याने त्याचं. माझ्या वाट्याला शेवटची पंधरा मिनिटं आलीत, तेवढी मला नीट करायची आहेत.

वाटीचं मात्र सोवळं राहिलं नाही. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आईला ओव्हन दाखवत होतो. तिने वाटी ओळखली. "ती आतून दाखव बघू." वाटीच्या आत तळाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, आजोबांचं. खाली 'प्रथम पुण्यस्मरणार्थ' आणि १९९४ साल. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटलेल्या वाट्यांपैकी उरलेली, मी येताना बॅगेत कधी घुसली देव जाणे. इतकी वर्षं मी त्या ठिपक्यांना ओरखडे समजत होतो.

"मामंजींच्या वाटीत अंडं!" आई म्हणाली. "अरे, माळकरी होते ते! घरात अंड्याचं टरफल चालायचं नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "वाटी स्टीलची आहे. घासली की झालं." थोड्या वेळाने पुन्हा, "भोकातून गळतं का अजून?"

नाही म्हटलं. वाटीमुळे थांबलं.

घासली की झालं हे तितकंसं खरं नाही. लोणी कितीही लावा, अंडं नेमकं त्या अक्षरांना धरतं. सँडविच खाऊन मी वाटी सिंकमध्ये कोमट पाण्यात भिजत घालतो. बाकीची वाटी लख्ख निघते आणि तळाशी ठिपक्याठिपक्यांत पांढरं भरून आजोबांचं अख्खं नाव उमटलेलं असतं. एरवी कधी वाचता येत नाही इतकं स्वच्छ. मग जुना टूथब्रश घ्यायचा. नाव निघतं, साल निघतं. 'स्मरणार्थ'मधल्या रफारात अडकलेलं तेवढं शेवटपर्यंत निघत नाही.